किलमोरनला उतरायचं कुठं

शौकत परकार तीन कोटेशनं आल्याशिवाय काही घेत नसत. खाडीकाठच्या ज्या इंग्रज कंपनीत ते हेडक्लार्क होते तिथं सिमेंट असो, डब्यातलं लोणी असो की साहेबाच्या कुत्र्याचा पट्टा असो, तिघांकडून भाव मागवायचे, कागदावर रकाने आखायचे आणि खाली बारीक अक्षरात शिफारस लिहायची, असा त्यांचा शिरस्ता. एकोणीसशे पासष्टच्या दुबईत डांबरी रस्ते थोडे होते, वीज नवी होती आणि पाणी अजून गाढवावरून येत होतं. पण परकारांचे रकाने लंडनच्या ऑफिसात वाखाणले जात. त्यामुळे आयर्लंडात मुक्काम कुठं करायचा हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी फूटपट्टी काढली आणि रकाने आखले. माणसाला काहीतरी करावं लागतं.

आयर्लंडला ते हवा खायला चालले नव्हते. त्यांचा मुलगा लियाकत बोटीवर ज्युनिअर इंजिनीयर होता. जानेवारीतल्या वादळात ती बोट आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर खडकांवर चढली. काहीजण वाचले, त्यांत तो नव्हता. त्याचा देह किलमोरन नावाच्या खेड्याला लागला आणि गावकऱ्यांनी त्याला तिथंच दफन केलं. दुबईत तार पोचली तोवर सगळं उरकलेलं होतं. आता सप्टेंबरात बोटीच्या कंपनीनं आईबापांना तिकिटं दिली होती: दुबईहून बहारीन, बहारीनहून लंडन, लंडनहून डब्लिन, पुढं आगगाडी. शेवटी लिहिलं होतं की राहण्याची व्यवस्था आपण आपल्या पसंतीनुसार करावी, बिल कंपनी भरेल.

पसंती विचारली जाण्याची त्या सबंध वर्षातली ही पहिलीच वेळ होती.

साहेबाला कळलं तेव्हा त्यानं स्वतःच्या कपाटातून आयर्लंडच्या टुरिस्ट खात्याचं पुस्तक काढून दिलं. "लव्हली कंट्री, परकार. यू विल एन्जॉय..." इथपर्यंत येऊन साहेब लालभडक झाला आणि सिमेंटच्या बोटीची चौकशी करू लागला. परकारांनी सिमेंटची सविस्तर माहिती दिली. साहेबाला अडचणीतून बाहेर काढणं हा नोकरीचाच भाग होता.

पुस्तकातून त्यांनी दोन पत्ते निवडले. तिसरा बोटीच्या कंपनीनं कळवलेला होता. तिन्हीकडे एकाच मजकुराची पत्रं गेली: दोन माणसं, एक रात्र, दर कळवावा. कशासाठी येतोय ते लिहिलं नव्हतं. कोटेशन मागताना कारण लिहीत नाहीत.

पहिलं उत्तर तालुक्याच्या गावातल्या हॉटेलचं. समुद्रापासून चौदा मैल आत. खोलीत हीटर, चोवीस तास गरम पाणी. टायपिंगमध्ये एकही चूक नव्हती. परकारांना हे हॉटेल तिथंच पसंत पडलं होतं. रात्र तिथं काढायची, सकाळी टॅक्सीनं किलमोरनला जायचं, कबरीपाशी फातेहा पढायची, दुपारच्या गाडीनं परत. यात कुठंही थांबावं लागत नव्हतं.

दुसरं उत्तर किलमोरनच्या किनाऱ्यावरच्या गेस्टहाउसचं. मालक उत्साही होता. प्रत्येक खोलीतून समुद्र दिसतो, असं त्यानं लिहिलं होतं; शिवाय गेल्या हिवाळ्यात एक बोट इथं फुटली, तिचा मागचा भाग ओहोटीला जेवणाच्या खोलीतून अजून छान दिसतो, फोटो काढायला डब्लिनहून लोक येतात, तेव्हा जागा लवकर राखून ठेवावी.

परकारांनी 'विशेष सोय' या रकान्यात लिहिलं: ओहोटीला बोट दिसते. मग आपल्याला काही होतंय का याची वाट बघत ते थोडा वेळ बसले. काही झालं नाही. त्यांनी शाई टिपून घेतली.

तिसरं उत्तर मिसेस हेनेगन नावाच्या बाईचं, शाळेच्या वहीच्या पानावर. तिनं नाव ओळखलं होतं. त्यात दर नव्हता. परकारांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं, दर कुठंच नव्हता. रकाना रिकामा राहिला आणि त्यांनी ते पत्र बाकीच्यांच्या खाली ठेवलं.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर दोघं जेवायला आले. मोहिद्दीन हे गाववाले, सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, कापडाचं दुकान, सल्ला फुकट. दुसरे हमदुल्ला सारंग. म्हणजे बोटीवर खलाशांचे मुकादम होते, आता घरी बसून सबंध विलायत त्यांच्या खिशात होती, कारण ते कार्डिफच्या बंदरात अनेकदा उतरले होते. परकारांच्या बायकोनं, हाफिजाबींनी, आतून ताटं पाठवली आणि त्या पडद्यामागे जाऊन बसल्या. जानेवारीपासून त्या मीठ, धुणं आणि घासलेट यांपलीकडे काही बोलत नव्हत्या, आणि परकारही त्यांना मीठ, धुणं आणि घासलेट यांबद्दलच विचारत होते. घर व्यवस्थित चाललं होतं.

जेवण झाल्यावर परकारांनी कागद काढला.

"हे बेस्ट केलंत, शौकतभाय," मोहिद्दीन म्हणाले. "कम्पेअर करून घ्यावं. इमोशनल होऊन घेतलेली वस्तू कधी टिकत नाही. बोला."

दोन कोटेशनं वाचून झाली. बोटीचं वाक्य परकारांनी गाळलं. तिसरं पत्र ते इंग्रजीतून मराठी करत, हिशेब वाचावा तसं, वाचत गेले: "तुमचं पत्र आलं. पैशाचं काढू नका. तुमचा मुलगा माझ्या पुढच्या खोलीत दोन रात्री होता. तिसऱ्या दिवशी वारा पडला तेव्हा आम्ही त्याला नेलं. तुम्ही याल तेव्हा खोली तुमचीच आहे."

"फुकट?" मोहिद्दीन सावध झाले. "फुकट ठेवणारा शेवटी डबल घेतो. रेट नाही म्हणजे ट्रॅप समजा."

"आयरिश लोक मला विचारा," हमदुल्ला सारंग म्हणाले. "मय्यत घरात ठेवतात, लवकर उचलत नाहीत. सगळा गाव जमतो. दारू पितात, गाणी म्हणतात, पत्ते कुटतात."

"मय्यतीसमोर?"

"समोर काय! मय्यतीलाही पानं वाटतात. एक हात तिचा."

परकार कागदाची कड सरळ करू लागले. सारंगांच्या लक्षात आलं. "म्हणजे पूर्वी," ते म्हणाले. "आता नसतील वाटत."

"ते जाऊ द्या, सकाळच्या नाश्त्याला डुकराचं देतात," मोहिद्दीननी विषय सुरक्षित जागी नेला.

"अंडं मागायचं," सारंग म्हणाले. "उकडलेलं, सालीसकट. सालीच्या आत काय घालणार?"

"भांडं तेच असेल ना पण? आणि घरात कुत्रा असणार. भिंतीवर तसबिरी. नमाज कुठं पढणार माणूस? शिवाय दफन तरी नीट केलंय की नाही कुणास ठाऊक. तोंड मक्केकडे लागतं. त्या बाईला काय कळतंय किबला कुठल्या दिशेला?"

"तेही लिहिलंय," परकार म्हणाले आणि पुढं वाचू लागले. "'तो आमच्या धर्माचा नाही हे कागदांवरून कळलं. आमच्या पाद्र्याला तुमची रीत ठाऊक नव्हती. डॉक्टर लढाईत इजिप्तला होता, त्याला विचारलं. तो होकायंत्र घेऊन आला. त्यामुळे बाकी सगळे एका दिशेला आहेत आणि तुमचा मुलगा त्यांना आडवा. गवत कापणाऱ्याला वळसा घ्यावा लागतो, पण तो कुरकुर करत नाही.'"

"आडवा?" मोहिद्दीननी बशीतले खजूर ओढले. एक खजूर मक्का केला, एक आयर्लंड, मग मय्यत ठेवतात तसं उजव्या कुशीवर, तोंड मक्केच्या खजुराकडे करून, स्वतःच थोडे कलून पाहिलं. बराच वेळ खजूर इकडून तिकडे झाले. "बरोबर आहे की," ते शेवटी म्हणाले. आवाजात किंचित निराशा होती.

"बरोबर असू दे," सारंग म्हणाले, "पण राहायला हॉटेलच. दाराला आतून कडी, बेल मारली की चहा. तुमच्यासारखं तुटलेलं माणूस परक्या घरात कुठं पाय पसरणार? खलास. हॉटेल."

"यल्ला, चला, लिहून टाका," मोहिद्दीननी मान डोलावली.

परकारांना हलकं वाटलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, आणि तेवढ्यात पडदा सरकला.

"दोन रात्री?" हाफिजाबी दारात उभ्या होत्या. "माझा मुलगा दोन रात्री होता त्या घरात?"

"हो," परकार म्हणाले.

"पत्र कधी आलं?"

"झाले थोडे दिवस."

"मला सांगितलं नाहीत."

"त्यात रेट नव्हता," परकार म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ते खरं कारण होतं.

मोहिद्दीनना एकदम दुकान आठवलं. शुक्रवारी दुकान बंद असतं हे सारंगांना ठाऊक होतं, पण तेही त्याच दुकानाकडे निघाले. "भाभी, बिर्याणी एकदम..." असं काहीतरी जिन्यात ऐकू आलं. अर्धं वाक्य खाली गेलं.

हाफिजाबी येऊन समोर बसल्या. "कुठं ठरलं?"

"हॉटेल. तालुक्याला. सकाळी टॅक्सीनं जाऊ, फातेहा पढू, दुपारी परत."

"आणि ती बाई?"

"तिच्याकडे जाऊ की. चहाला."

"चहाला." हाफिजाबींनी तो शब्द जमिनीवर ठेवला. "तुमचा चुलतभाऊ आपल्याकडच्या लग्नाला आला आणि दापोलीला लॉजवर उतरला. तुमच्या आईनं मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही."

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळीच. ते नुसतं लग्न होतं."

"हाफिजा, ती परकी बाई आहे. ना जातीची, ना धर्माची."

"माझ्या पोराला घरात घेतलंन. दोन रात्री ठेवलंन. आता आपण चौदा मैलांवर उतरलो तर ती काय म्हणेल? गाव काय म्हणेल? पोराला आम्ही ठेवून घेतला, आणि आईबाप आले ते हॉटेलात."

"किलमोरनमध्ये आपल्याला कोण काय म्हणणार आहे?"

"गाव आहे ना ते? मग म्हणतात."

परकार स्वतः कोकणातल्या खाडीकाठच्या खेड्यातले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मला त्या घरात झोप लागणार नाही," ते म्हणाले.

"इथं लागते?"

"लागते. रोज लागते. पडलो की मेल्यासारखा..." ते थांबले. "तार आली त्या रात्रीसुद्धा लागली."

"ठाऊक आहे," हाफिजाबी म्हणाल्या. "मी बघते ना रोज."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर परकारांना बरं वाटलं असतं. त्याला उत्तर देता येतं. त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं की बायकोच्या डोळ्यांखाली काळं झालंय, आणि ते काळं आज झालेलं नाही.

"आणि तिथंही लागली तर?" ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "तो होता त्याच खोलीत, आणि मी आपला घोरतोय. तर मग मी काय माणूस आहे?"

हाफिजाबींनी विचार केला. त्या पटकन काही बोलल्या असत्या तर ते समजुतीचं वाटलं असतं.

"लागली तर लागू दे," त्या म्हणाल्या. "मी जागी असेन. दोघांनी जागं राहायला काय पहारा द्यायचाय?"

शिफारशीची जागा कोरीच राहिली. परकारांनी तो कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि मिसेस हेनेगनना लिहायला बसले. हाफिजाबी सांगत गेल्या, ते इंग्रजीत उतरवत गेले. ऑफिसात पंचवीस वर्षं जे इंग्रजी वापरलं तेच हाताला येत होतं. आम्ही येतो, तुमच्याच घरी उतरतो, पुढचीच खोली द्यावी.

"विचारा, अंगावर काय घातलं होतं."

'काइंडली अॅडव्हाइज' असं लिहून त्यांनी ते विचारलं.

"रात्री दिवा ठेवला होता का."

'प्लीज कन्फर्म' असं लिहून तेही विचारलं.

"आणि उशाशी कोण बसलं होतं. एकटा नव्हता ना, ते विचारा."

परकारांनी पुन्हा 'काइंडली अॅडव्हाइज' लिहिलं आणि प्रश्न पुरा केला. व्याकरण बरोबर होतं. खाली सही केली.

"वाचा बघू."

त्यांनी इंग्रजीत खणखणीत वाचलं, साहेबासमोर वाचतात तसं.

"मला कळेल असं वाचा."

ते मराठीत वाचू लागले. येण्याचा दिवस झाला, खोली झाली, अंगावरच्या कपड्यांचं झालं, दिव्याचं झालं. उशाशी, असं म्हणून ते थांबले. पुन्हा उशाशी म्हणाले आणि पुढचा शब्द आला नाही. तांब्यातलं पाणी प्यायले, चष्मा पुसला, कागद जरा लांब धरला, जणू अक्षर लहान होतं.

हाफिजाबींनी थोडी वाट पाहिली. मग त्यांच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि पाकिटात सरकवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्या बाईला इंग्रजी येतं."