दार बघ म्हणजे काय

बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगच्या सुपरवायझर ताई नव्या माणसाला म्हणाल्या, "ते मागचं दार बघ रे जरा." दाराची कडी सैल झाली होती, ती आवळायची, एवढंच. नवा माणूस सैन्यातून निवृत्त होऊन आलेला. सगळे त्याला फौजी म्हणत. तो दारापाशी जाऊन ताठ उभा राहिला. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, ऊन भिंतीवरून उतरलं, तरी हा आपला दार बघतोय. इकडे टेबलावर बाटल्यांचा ढीग.

"अहो ताई, दार पळून जाणार होतं की काय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. फौजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

साहेबांनी ताईंना बोलावलं. "त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरांचं प्रशिक्षण होतं: सैन्यातून आलेल्यांना सांभाळून कसं घ्यायचं. ताई गेल्या त्या मनाशी ठरवूनच, नको हा घोर. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काल दिलेलं एक काम सांगा. बोललात तसंच."

ताईंनी सांगितलं. खोलीत खसखस पिकली. बाई मात्र हसल्या नाहीत. "आता त्याच्या जागी बसून ऐका. काय बघायचं? कुठवर? त्याला नेमका शब्द मिळायची सवय. मिळाला तसा त्यानं पाळला."

ताईंना आपलीच जीभ ऐकू आली. पोराला बघ, दुधाकडे बघ, जमलं तर बघ. एक शब्द, सतरा वाटा. घरच्यांना त्या पायाखालच्या, नव्यानं कुठल्या वाटेनं यावं?

त्या तडक साहेबांकडे गेल्या. "तो चुकला नाही. मीच अर्धं बोलले. कायम करा त्याला."

"बघू."

"'बघू' नको, साहेब. हो की नाही?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हो. पण जबाबदारी तुमची."

फौजी खोकी चिकटवत होता. ताई समोर जाऊन म्हणाल्या, "तुला कायम केलंय."

त्याच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. मग हळूच म्हणाला, "ताई, समजलं नाही तर उलटून विचारलेलं चालेल?"

"चाले..." ताई थांबल्या. "विचारायचंच. मी वैतागले तरी."

"मग विचारतो. भोंगा झाला की आपलं आपण निघायचं, की तुम्ही 'जा' म्हणेपर्यंत थांबायचं?"

रोज सगळे पांगल्यावर हा टेबलापाशी का रेंगाळतो, ते ताईंना आत्ता कळलं.

"भोंगा झाला की घरी जायचं," त्या म्हणाल्या.