थर्लोंच्या घराची सातवी खिडकी

थर्लोंच्या हवेलीचा दर्शनी भाग म्हणजे लायनल थर्लोचा जीव की प्राण. लाल विटांची सपाट भिंत, मधोमध दार, दोन्ही अंगांना मापात बसवलेल्या पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या. डावीकडे जे, तेच उजवीकडे. वरच्या मजल्यावर सात खिडक्या, पण खऱ्या सहाच. पूर्वेच्या कोपऱ्यातली सातवी नुसती विटांवर रंगवलेली: काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या आणि वर अर्धा ओढलेला पडदासुद्धा. दर वसंतात गावच्या जत्रेआधी रंगारी शिडी लावायचा आणि लायनल खाली उभा राहून काठीने सांगायचा, पडदा जरा वर, अजून जरा वर. बायको नाही, पोरं नाहीत. माणसाला छळायला कोणीतरी लागतंच.

पाहुण्यांना तो फाटकाशीच अडवून त्या खिडकीची कथा ऐकवायचा. पणजोबांच्या काळात सरकारने खिडक्यांवर कर बसवला, जितक्या खिडक्या जास्त तितका कर जास्त, म्हणून पणजोबांनी एक बुजवून टाकली. सांगताना तोरा असा, की कर बसण्याइतक्या खिडक्या असणं हीच काय ती खानदानी.

त्या खिडकीमागच्या खोलीत त्याची थोरली बहीण हेस्टर राहायची. आदल्या हिवाळ्यात पडून तिचं कमरेचं हाड मोडलं आणि जिना कायमचा सुटला. खालच्या खोल्या ओलसर, वरच्या बाकी खोल्या गळक्या, धड पेटणारी शेगडी काय ती इथेच. खोलीला खिडकी एकच, तीही मागच्या अंगणात उघडणारी. कोळशाचा ढीग, चार कोंबड्या आणि स्वयंपाकीणबाईंचे वाळत घातलेले ॲप्रन. रस्ता, चर्च, माणसांची ये-जा, सगळं पुढच्या बाजूला. कोण कोणाबरोबर चर्चला गेलं हे जिने जन्मभर अख्ख्या गावाआधी ओळखलं, तिच्या वाट्याला आता कोंबड्या.

अशात गावात नवे पाद्री आले, एलाकूम नावाचे. नजर अधू, स्वभाव भारी अगत्याचा. मिस थर्लो कोपऱ्यातल्या खोलीत असतात एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. दर रविवारी हवेलीवरून जाताना ते त्या रंगवलेल्या खिडकीकडे बघून टोपी काढायचे आणि वर हसायचेही. स्वयंपाकीणबाईंनी हे हेस्टरला सांगितलं तेव्हा दोघी पोट धरून हसल्या. मग मात्र चहा घेऊन लायनल आला तेव्हा हेस्टरने ती बुजवलेली खिडकी उघडून मागितली.

लायनलने नाना सबबी सांगितल्या. जुन्या विटा निघायच्या नाहीत, नवी चौकट जुन्यांशी जुळायची नाही, पणजोबांनी केलंय ते राहू दे. हेस्टरने सगळं ऐकून घेतलं.

"तो कर सरकारने उठवला, त्याला ऐंशी वर्षं झाली, लायनल," ती म्हणाली. "मी अजून भरतेय."

त्याच आठवड्यात त्याने प्यू गवंड्याला बोलावणं धाडलं.

प्यू आला त्या सकाळी हेस्टरने पलंग सरकवून घेतला होता, केस नीट बांधले होते आणि ठेवणीतली निळी शाल काढली होती. भिंतीवरच्या लाकडी फळ्या निघाल्या. आत खिडकीचं भोक नव्हतंच. माणसाच्या कवेत न मावणारा ओकचा काळा खांब उभा होता, त्याला तिरका टेकू, आणि मागे चिकटवल्यासारख्या विटा.

प्यूने खांबावर हात फिरवला. "इथे खिडकी कधी नव्हतीच, साहेब. घर सगळं लाकडाचं आहे. विटांचा हा मुखवटा मागाहून चढवलाय. मापाप्रमाणे खिडकी यायला हवी तिथे नेमका खांब आला, म्हणून तुमच्या पणजोबांनी ती रंगवून घेतली."

म्हणजे कर नाही, बुजवणं नाही, काही नाही. जन्मभर फाटकाशी उभं राहून सांगितलेली कथा साफ खोटी. पण लायनलला त्याहून वाईट वाटलं ते हेस्टरकडे बघून. तिने शाल काढली, घडी घातली आणि फळ्या परत लावून टाका म्हणाली.

हत्यारं गोळा करता करता प्यू बोलून गेला, की खांब कापला तर छप्पर पलंगावर येईल. डावीकडे मात्र नुसतं कुडाचं भरण आहे, तिथे खिडकी निघेल. पण वर तुळई आहे, तेव्हा अरुंद होणार, खाली होणार, आणि बाहेरून बाकीच्या खिडक्यांच्या रांगेत काही बसणार नाही.

लायनल खाली उतरला आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. डावीकडे जे, तेच उजवीकडे. बराच वेळ बघून घेतलं, मग वर आला आणि काठीने कुडावर जागा दाखवली.

खिडकी झाली ती भलतीच. रंगवलेल्या खिडकीला खेटून, तिच्याहून वीतभर खाली, बोळकांडीसारखी. सगळ्या भिंतीची शोभा गेली. शेजारच्या जमीनदाराने विचारलं, तोफेचा गोळा बसला का. "बहिणीला रस्ता बघायचा होता," लायनल एवढंच म्हणाला. त्यानंतर तो मागच्या दारानेच जा-ये करू लागला.

रविवारी एलाकूम आले. सवयीने त्यांनी रंगवलेल्या खिडकीलाच टोपी काढली, हसले आणि पुढे गेले. शेजारच्या खऱ्या काचेमागे हेस्टर हसून हसून लाल झाली. तिने लायनलला बजावलं, त्यांना कोणी काही सांगायचं नाही.

पुढच्या रविवारी लायनल कित्येक दिवसांनी पुढच्या दाराने बाहेर पडला. फाटकापाशी थांबला, वळला, आणि त्या वेड्यावाकड्या भिंतीकडे मान वर करून बघितलं. मग त्याने टोपी काढली, बरोबर त्या खऱ्या खिडकीला.