तिसरी ओळ

भाचीच्या लग्नात नवी धून वाजवीन, असं मास्तर सहा महिन्यांपूर्वी चारचौघांत बोलून बसले होते. क्लॅरिनेटमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आसपासच्या निम्म्या ज्यू घरांतल्या नवऱ्या त्यांच्याच सुरांवर लग्नाच्या चार काठ्यांवरच्या कापडी छताखाली गेल्या होत्या. पण धून सुचेना म्हणजे सुचेना. कागद कोरा, आणि लग्न परवावर आलेलं.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत बहिणीने मेणबत्त्या लावल्या, शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, लागला. मेहुण्यांनी पावावर आशीर्वाद म्हटला, आणि पहिला घास तोंडात असतानाच मास्तरांना धून सुचली. अख्खी, चारही ओळींची. त्यांचा हात कपाटावरच्या पेन्सिलीकडे गेला.

"दादा," बहीण म्हणाली, "हात आवर."

शब्बाथला लिहायचं नाही, वाद्याला शिवायचं नाही. उद्या संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत हे असंच. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यात मास्तर साठी उलटलेले, कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारे. धून सकाळपर्यंत टिकेल याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती.

"गायला कुठे बंदी आहे?" भाची म्हणाली. "वाटून दे ना, मामा. एकेकाला एकेक ओळ."

बहिणीला पहिली, भाचीला दुसरी, चौथी मास्तरांनी स्वतःकडे ठेवली. मेहुणे शिंपी, शिलाई मशीन सोडून कुठलाच ताल त्यांच्या कानात शिरत नसे. म्हणून त्यांना तिसरी, सगळ्यात सोपी. ती त्यांनी इतक्या निष्ठेने धरली की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला जाता-येता, जेवताना, आणि बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे दुपारी घोरतानासुद्धा तीच चालू होती.

तीन तारे दिसले. शब्बाथला निरोप देणारी मेणबत्ती विझली, तसा मास्तरांनी कागद ओढला. पहिली ओळ आली, दुसरी आली. तिसरीत मेहुणे मध्येच एका सुरावर थांबून राहिले.

"मी असं दिलं नव्हतं. इथे थांबायचं नाही, मेहुणे."

मेहुण्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच थांबले. तीनदा. मास्तरांचा पारा चढला. "दर वेळी तिथेच कशी गाडी अडते हो तुमची?"

मेहुण्यांनी लेकीकडे मान वळवली. "मी मनातल्या मनात चालून बघत होतो. दारापासून छतापर्यंत, हिच्याबरोबर. तिथे पोचलं की हिचा हात सोडायचा असतो. तिथे अडते."

सहा महिने मास्तर नवरीसाठी धून शोधत होते. तिच्या शेजारून चालणारा माणूस त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. देवाने धून नेमकी शुक्रवारी का पाठवली ते आता कळलं. गुरुवारी सुचली असती तर ती एकट्या मास्तरांचीच राहिली असती. त्यांनी तो सूर चार मात्रा लांबवून लिहिला.

रविवारी सकाळी बापलेक दारातून निघाले, क्लॅरिनेट वाजू लागलं. तिसऱ्या ओळीला दोघं छतापाशी पोचले. चार मात्रा झाल्या. आठ झाल्या. मेहुणे हात सोडेनात, म्हणून मास्तर सूर सोडेनात. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा फुगल्या.

भाची बापाच्या कानाशी झुकली. "बाबा, सोडा आता. मामाचा दम संपत आलाय."

मेहुणे रडता रडता हसले आणि त्यांनी हात सोडला. मग कुठे चौथी ओळ सुरू झाली.