उजेडात ठेवलेला मसाला

"मेबल, तुझ्याकडं आईचा बाटली मसाला आहे ना?" वसईहून ट्रॉय फोनवर ओरडत होता. "इथला संपला. आईच्या पहिल्या वर्षाच्या मिस्सानंतर चर्चमधून आलो की जेवणाला डुकराच्या मटणाचं इंद्याल करायचंय. तुझ्या दोन बाटल्या आण."

"आणते," भावाला एवढंच सांगून मेबलनं फोन ठेवला आणि ती दुबईत, करामातल्या आपल्या स्वयंपाकघरात गेली.

आई दुबईला एकदाच आली, अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात. सामानात दोन लुगडी आणि मसाला ठासून भरलेल्या बियरच्या दोन काळ्या बाटल्या. जिनसांचं प्रमाण तिच्या हातात होतं, कागदावर कधी उतरलं नाही. ऑक्टोबरात ती वारली.

शेजारची जैनब रोज चहाला यायची. बियरच्या बाटल्या पाहून तिला काय वाटेल, म्हणून आई परतली त्याच दिवशी मेबलनं मसाला पारदर्शक बरण्यांत काढला. बरण्या खिडकीत मांडल्या, बाटल्या पेपरात गुंडाळून टाकल्या. "मॅगझिनमधलं किचन!" नवरा विली म्हणाला होता. आई गेल्यावर झाकण उघडायचा तिला धीर झाला नाही.

आज उघडलं. मसाला वाळूच्या रंगाचा झाला होता. मुलगी सँड्रानं नाक लावलं. "ममा, इट डझन्ट स्मेल ऑफ एनिथिंग."

जैनब आली तेव्हा मेबलनं खाली बघतच सगळं सांगितलं. बाटल्यांचंसुद्धा.

जैनब हसत सुटली. "वेडी की काय तू? रत्नागिरीला आमची अम्मी कोकमाचं आगळ बियरच्याच बाटलीत भरते. माझ्या सिंकखाली बघ, दोन रिकाम्या पडल्यात."

मेबलला हसू आलं नाही. तिनं वसईला फोन लावला.

"ट्रॉय, मसाला वाया गेला. उजेडात राहिला."

"काळ्या बाटलीत होता ना?"

"मी काढला."

"कशाला?"

उत्तर तिला ठाऊक होतं. तिनं बरणीचं झाकण पुन्हा लावलं. फोनचं मीटर चालू होतं.

"तरी आण," शेवटी तो म्हणाला. "आईनं कांडलाय."

जैनबच्या बाटल्या धुऊन वाळवल्या. मेबल फरशीवर बसली. मूठ मूठ मसाला घालून लाकडी डावाच्या दांड्यानं ठासू लागली, बुडाशी हवा राहू नये म्हणून आई ठासायची तसा. बूच घट्ट बसवून तिनं बाटली खिडकीशी धरली.

काळ्या काचेतून आतला रंग कळत नव्हता.