सारंगाने राखलेली जागा

मार्गशीर्षातली दुपार कलली होती. दाभोळच्या खाडीवर ऊन पसरले होते. कोवळे नव्हे, कडक नव्हे, मधल्या वयाचे समजूतदार ऊन. नीलश्यामल पाण्यावर सोनसळी तिरीप, पलीकडच्या डोंगरावर जांभुळसावळी छाया, आणि अलीकडे हरिश्चंद्र पालशेतकराच्या पडवीत पोफळींच्या शेंड्यांतून गाळून आलेला हिरवा उजेड. त्या उजेडात एक मोठी निळी बॅग आ वासून पडली होती. शेजारी चटईवर तिच्यात भरायच्या वस्तूंचा डोंगर होता.

डोंगरच म्हणायचा. डिंकाच्या लाडवांचे दोन डबे, अळिवाच्या पुरचुंड्या, खारकेची पूड, सुंठ, बाळंतशोपा. गुटीसाठी वेखंड, हिरडा, मुरुडशेंग आणि ती उगाळायची दगडी सहाण. कोकमे, खोबरेल तेल, पाच पातळे, तीन स्वेटर, आणि तिकडच्या थंडीत लागतील म्हणून जावयाने मुद्दाम घ्यायला लावलेले जाडजूड बूट. विमानाने परवानगी दिलेली तेवीस किलोंची, आणि हा पसारा बघणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी असा.

हरिश्चंद्राची बायको शेवंती उद्या निघणार होती. समुद्रापलीकडे, रॉटरडॅमला, लेकीच्या बाळंतपणाला. केतकीला आठवा महिना लागला होता. शेवंतीने साठ वर्षांत चिपळूणच्या पुढे एकटीने पाऊल टाकले नव्हते. पण गोठ्यात गाय आज-उद्या व्यायला झालेली, आणि बाळंतिणीच्या खोलीत बाप्याचे काय काम, हे हरिश्चंद्राचे ठरलेले मत. तेव्हा जायचे तिनेच.

"मी भरतो," एवढेच तो म्हणाला आणि बॅगेपुढे मांडी घालून बसला.

पस्तीस वर्षे तो मालवाहू जहाजांवर होता. त्यातली शेवटची बारा वर्षे सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. जहाजाच्या अंधाऱ्या, खोल, लोखंडी पोटात माल रचून बांधून घ्यायचा, तर हरिश्चंद्र सारंगाचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचे शास्त्र तीन ओळींचे. जड ते खाली. हलके ते वर. आणि मोकळी जागा कुठेच नाही. कारण मोकळ्या जागेत माल हलतो, माल हलला की जहाज कलते, आणि कललेल्या जहाजाला दर्या विचारत नाही की तुझ्या घरी कोण कोण आहे.

आता ते हात बघावेत. मिठाने रापलेले, दोरखंडांनी घट्टे पाडलेले, सावळे, रुंद, निवांत हात. घरात पाण्याचा तांब्या उचलून कधी जागेवर ठेवतील तर शपथ. पण बॅगेपुढे बसले आणि त्यांना वाचा फुटली. प्रत्येक वस्तू ते एकदा उचलत, तळव्यावर तोलत, क्षणभर थांबत, आणि मग तिला तिची जागा मिळे. दुसऱ्यांदा कशालाच हलवावे लागत नव्हते.

बॅग उभी राहिली की चाके ज्या बाजूला येतात, त्या बाजूला सहाण गेली, टॉवेलात गुंडाळून, अगदी मधोमध. तिच्या दोन्ही अंगांना लाडवांचे डबे. डब्यांच्या गोलाईशेजारी जे तिकोनी कोपरे उरतात, तिथे अळिवाच्या पुरचुंड्या चपखल बसल्या. बुटांच्या पोटात मोजे, मोज्यांच्या पोटात सुंठ. तेलाच्या बाटलीच्या तोंडाला प्लास्टिक, वर बूच, वर चिकटपट्टी, आणि ती बाटली स्वेटरच्या बाहीत. निजलेल्या लेकराला घालावी तशी त्याने ती आत घातली.

मग पातळे. शेवंती पातळाची घडी घाले ती चौकोनी, कपाटात ठेवायची. त्याने ती घडी मोडली. पातळ चटईवर लांब पसरले, हवा हाताने दाबून काढली, आणि एका टोकाने गुंडाळत, गुंडाळत, आवळत नेले. डाळिंबी, मोरपंखी, राखाडी, कुसुंबी, शेवाळी. पाच रंगांच्या पाच घट्ट वळकट्या एकीशेजारी एक निजल्या. एकीवर सुरकुती नव्हती.

शेवंती खांबाला टेकून बघत होती, आणि तिला तिच्या नवऱ्याचा अभिमान वाटत होता. लग्नाला अडतीस वर्षे झाली; त्यातली बरीचशी त्याने दर्यावर काढली. तो तिकडे नेमके काय करतो, हे तिला कधी धड कळले नव्हते. आज पडवीत बसून ती ते बघत होती. असे काम करत होता तर, हा माणूस.

"सोडे राहिले," ती पुढे होऊन म्हणाली. "केतकीला आवडतात."

"सोडे नायत न्यायचे. वासावरनंच धरतील तुला."

"तीन पिशव्यांत बांधलेत, अवो."

"धा पिशव्यांत बांध. सुकं ते सुकं." त्याने सुक्या कोळंबीचे ते पुडके बाजूला सारले. ती पुटपुटली, पण वाद घातला नाही. सारंगापुढे वाद नसतो.

डोंगर उतरत गेला. चटई दिसू लागली. उन्हाची तिरीप बॅगेच्या काठावरून आत सरकली. आणि शेवंतीची नजर सारखी आतल्या खोलीकडे जाऊ लागली. कारण आता तिने आणलेले सगळे संपत आले होते, आणि न आणलेले एकच उरले होते.

तिच्या ट्रंकेत, गोधड्यांच्या तळाशी, सहा झबली, चार दुपटी आणि एक कुंची होती.

तीन वर्षांपूर्वी केतकीला असेच दिवस गेले होते. तेव्हा शेवंतीने हौसेने कपडे शिवले आणि सातव्या महिन्यातच धाडून दिले. शेजारणी म्हणाल्या होत्या, पोटातल्या जिवाचे आधी शिवू नये गो. तिने ऐकले नाही. कपडे पोचले आणि आठवड्याने मूल गेले. ते कपडे केतकीने परत धाडले नाहीत. त्यांचे काय केले, हे आईने आजवर विचारले नाही. तेव्हापासून शेवंतीच्या मनाने घेतले होते की आपल्या सुईनेच ते झाले.

या खेपेला केतकीने फोनवर बजावले होते, "आई, बाळाचं काही म्हणजे काही आणू नकोस. तू फक्त ये." शेवंतीनेही मशीनला हात लावायचा नाही म्हणून शपथ घेतली होती. पण हात कुठले ऐकायला. नवरा बागेत शिंपणे करत असे तेव्हा, दुपारच्या पेंगुळल्या शांततेत, तिने आपली जुनी मऊ पातळे कापली, शिवली, आणि चोरासारखी लपवली. आता ती न्यायची हिंमत नव्हती, आणि टाकून जायचीही.

"झालं," हरिश्चंद्र म्हणाला.

ती वाकून बघू लागली. सगळे बसले होते. इंच न इंच भरला होता. आणि नेमकी मधोमध, सगळ्यांत वर, वळकट्यांच्या उबेत, एक जागा रिकामी होती. वीतभर लांब, वीतभर रुंद, चार बोटे खोल. चारी बाजूंनी लोकरीचे मोजे रचून तिचे काठ बांधून काढलेले. चुकून राहिलेली नव्हती ती जागा; राखलेली होती.

"ही कशाला मोकळी ठेवलीत? तुमीच म्हंता, मोकळ्या जागेत माल हलतो."

"नाय हलायचा. चौबाजूंनी बांधून घेतलीय." तो बॅगेकडेच बघत होता. "वजनातसुदीक अर्धा किलो राखलाय."

"कोनासाठी?"

"तुझी मशीन बागेत आयकू येते, शेवंते."

ती त्याच्यासमोर चटईवर बसली. गोठ्यात गाय हुंकारली, पोफळीचे एक वाळले झाप सळसळत खाली आले. मग शेवंतीला रडू फुटले. आवाज न करता, नुसते डोळ्यांतून वाहणारे रडू. "मागल्या टायमाला मी आधी शिवलं म्हनून..."

"पोटातली वार आधीच सुटली व्हती," तो हळू म्हणाला. "डॉक्टरीण फोनवर तुझ्यादेखत बोलली. सुईदोऱ्यानं वार सुटत नाय." त्याने एका वळकटीवरून उगाच हात फिरवला. "ती तिकडं घाबरून बसलीय, तू हितं. येणाऱ्या पोराला कोनीतरी ये म्हनायला नको?"

आयुष्यभर कमी बोललेल्या माणसाचे ते सर्वांत लांब बोलणे होते. शेवंतीने पदराने तोंड पुसले. ती उठली आणि आत गेली. ट्रंकेची कडी वाजली, गोधड्या उपसल्याचा आवाज आला, आणि ती परतली तेव्हा तिच्या ओंजळीत तो पांढरा, पिवळा, मऊ ऐवज होता. हरिश्चंद्राने हात पुढे केला नाही. तो सरकून बसला आणि तिला वाट दिली.

तिने स्वतःच्या हाताने ठेवले. आधी दुपटी, मग झबली, सर्वांत वर कुंची. कुठे ओढावे लागले नाही, कुठे दाबावे लागले नाही. बागेतून नुसता मशीनचा आवाज ऐकून त्या माणसाने माप घेतले होते, आणि ते तंतोतंत होते. शेवंतीने त्याच्याकडे पाहिले. तो चेन ओढण्यात गुंतला होता.

चेन एका दमात, न अडखळता, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. त्याने वर पट्टा आवळला आणि गाठ मारली. सारंगाने एकदा बंद केलेले बंदराला लागेपर्यंत उघडायचे नाही, ही त्याची जन्माची रीत.

तेवढ्यात फोन वाजला. तिकडे दुपारची जेवणाची वेळ होती. पडद्यावर केतकीचा फिकुटलेला, थकलेला चेहरा उमटला, मागे खिडकीत राखी रंगाचे आभाळ. भरली का बॅग, औषधे घेतलीस का, बाबा काय म्हणतात, असे सगळे विचारून झाले. शेवंतीने एकदा नवऱ्याकडे पाहिले आणि घसा खाकरला.

"केतके, मी बाळाचे कपडे आणतेय. शिवलेत मी. तू नको म्हनालीस तरी आणतेय."

 पडद्यावरचा चेहरा तसाच राहिला, स्थिर, निश्चल. जणू फोन अडकला आहे.  आपण काय बोलून बसलो, असे शेवंतीला झाले. मग केतकीचे ओठ हलले. आवाज लहान होता, शाळेत जायच्या वयातला.

"आई, कुंची केलीस?"

"केलीय."

"कसल्या रंगाची गं?"

शेवंतीने तोंड उघडले आणि नुसता बॅगेकडे हात केला. हरिश्चंद्र तिच्याकडे बघत होता. तो खाली वाकला. त्याने गाठ सोडली, पट्टा काढला, आणि आयुष्यात प्रथमच, बंद केलेला माल बंदराला लागण्याआधी, त्याने चेन उघडली.

आणि मावळतीच्या उन्हात, पोफळींच्या हिरव्या उजेडात, घट्टे पडलेल्या दोन रुंद सावळ्या हातांवर, त्याने ती फोनपुढे उंच धरली. हळदीच्या रंगाची, हिरव्या काठाची, कुणाच्या तरी इवल्या डोक्याएवढी कुंची.