पाण्याच्या दिवशी रॉकेट

रत्नमालाबाईंना वस्तीत तारांगण पाहिजे होतं. विहाराच्या वरच्या मजल्यावर मोठी खोली रिकामी पडलेली. तिथं घुमट बसवायचा, पोरांनी खाली आडवं पडून वरचं आकाश बघायचं. पैसेवाले आपली पोरं सुट्टीत विमानानं नेऊन असली आकाशं दाखवतात. चिकलठाण्याच्या कारखान्यात शिफ्ट मारणाऱ्याच्या पोरानं का बघू नये, याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

पुण्याची एक संस्था घुमट आणि यंत्र फुकट द्यायला तयार होती. अट एकच. लोकांना अवकाशाची आवड आहे हे दिसलं पाहिजे. संस्थेचा साहेब येणार, विहारात मोठ्या पडद्यावर रॉकेटचं उड्डाण दाखवायचं आणि हॉल भरलेला पाहिजे. मागं दोनदा बाईंनी असे कार्यक्रम घेतले तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या. या वेळी हॉल भरला नाही तर घुमट दुसऱ्या गावाला जाणार होता. गरिबानं आधी भूक लागल्याचा पुरावा द्यायचा, मग ताट.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. शाळा सुटली की घरोघर जाऊन बोलावणं करायच्या. गोजरआजीनं त्यांना दारातच धरलं.

"चंद्रावर पाणी हुडकायला सरकारपाशी पैसा हाय. आमच्या नळाला का नाय?"

"आजी, तिकडचा पैसा बंद केला तर तो तुमच्या नळाला येणार हाय का? मधीच कुणाच्या तरी बंगल्यावर मजला चढंल."

"ते बी खरंच."

"आणि गारपीट कुठं होणार, पाऊस कधी येणार, हे वरनंच कळतं."

"कळून काय करायचं? गारा थांबत्यात का?" आजी हसली. "येते बाई. तुझ्यासाठी येते. रॉकेटसाठी नाय."

उड्डाण शनिवारी होतं. ऐन वेळी तिकडं हवा बिघडली आणि ते सोमवारवर गेलं. सोमवारी संध्याकाळी वस्तीला पाणी.

या शहरात हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. आठ-दहा दिवसांनी एकदा नळ येतो. त्या दिवशी बायका कामावर खाडा करतात. पाण्याच्या दिवशी इथं कुणी साखरपुडासुद्धा धरत नाही, कारण सोयरे येतील आणि यजमानीण हंड्यापाशी असेल. आणि बाई त्या दिवशी लोकांना सांगणार, भांडी ठेवा आणि रॉकेट बघा.

बाई शिवराजकडं गेल्या. शिवराज वस्तीचा पुढारी. त्याला पुढच्या निवडणुकीत वॉर्डाचं तिकीट पाहिजे होतं. विहारासमोर त्यानं साहेबाच्या स्वागताचं बॅनर आधीच लावलेलं. त्यात रॉकेट अंगठ्याएवढं आणि शिवराज दारभर.

"सोपं हाय मॅडम," तो म्हणाला. "रॉकेट मागं-पुढं करणं आपल्या हातात नाय. पाणी हाय. मजीदला सांगा."

"तुम्ही सांगा ना."

"मी सांगितलं तर राजकारण होतं. तुम्ही सांगितलं तर शिक्षण."

मजीद लाईनमन. ठेकेदाराकडं कामाला. लोखंडी चावी घेऊन सायकलवर फिरायचा आणि एकेका वस्तीचा व्हॉल्व्ह सोडायचा. त्याची पोरगी आमरीन बाईंच्या वर्गात होती आणि बाईंच्या जुन्या दुर्बिणीला सगळ्यात जास्त वेळ डोळा लावून बसणारी तीच. बाई त्याला व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी भेटल्या.

"दोनच तास, मजीदभाई. कार्यक्रम झाला की सोडा."

मजीद खड्ड्यात वाकलेला होता, तसाच राहिला. "दोन तास असं काय नसतं मॅडम. टाकी भरलेली हाय तवर पानी. तुम्हाला थांबवायचं म्हणजे पलीकडच्या मोहल्ल्याला आधी सोडावं लागंल. मग टाकी परत भरंल, मग तुमचं. मधी लाईट गेली तर मेरे को मत पूछना."

"सोमवारी लाईट जाते का?"

"आपल्याला विचारून जाती व्हय?"

मजीद वर आला, चावी पुसली. "आमरीन रोज विचारती, तारांगण कधी होणार. ठीक हाय. आदलाबदल करतो. पण लोकांना तुम्ही सांगा. मोहल्ल्याला आधी का सोडलं ते."

"सांगते," बाई म्हणाल्या.

सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बायका चिडल्या असत्या, चिडल्या असत्या तर आल्या नसत्या. शिवराजनं वस्तीत निरोप फिरवला की आज पाणी उशिरा आहे, वरूनच उशीर आहे. वर म्हणजे कुठं, हे या देशात कुणी विचारत नाही.

हॉल गच्च भरला. नळ कोरडा, घरात बसून करायचं काय? गोजरआजी पुढच्या रांगेत नातवाला मांडीवर घेऊन बसली. आकडे उलटे सुरू झाले तशी पोरांनी एका सुरात साथ धरली. रॉकेट उठलं. आग, धूर, मग एक सरळ रेघ. खरं सांगायचं तर सगळ्यांचेच श्वास अडकले. आजीनं टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, "आपल्याच लोकांनी केलंय ना हे?" ती टाळी खोटी नव्हती. ती कशी जमवली, एवढंच खोटं होतं.

साहेब खूष. "इतका लोकसहभाग मी पुण्यातही पाहिला नाही," म्हणाला. फोटो झाले. शिवराज प्रत्येक फोटोत.

लोक घरी गेले, नळाखाली हंडे लावून बसले. पंपाची लाईट गेली होती. टाकी भरलीच नाही. आणि पलीकडच्या मोहल्ल्यातून येणाऱ्या गल्लीत ओल दिसत होती. तिकडं पाणी भरून, अंगणं धुऊन झाली होती.

सकाळी मजीद स्वतःच आला, थोडंफार सोडता येतं का बघायला. व्हॉल्व्हपाशीच त्याला घेरला.

"आमचं पाणी तिकडं वळवलं."

"स्वतःच्या जातवाल्यांना आधी पाजलं."

"बोल ना. तोंडात काय धरलंय?"

कुणीतरी चावी हिसकावली. पहिली चापट कुणाची हे नंतर कुणालाच आठवलं नाही. त्यानंतरच्या लाथा मात्र बऱ्याच जणांच्या होत्या. आपल्या बापजाद्यांना पाणवठ्यावर कुणी कुणी आणि कसं मारलं, हे दर जयंतीला ऐकणारी ही माणसं. पाण्यावरूनच मारत होती.

बाई धावत आल्या. मजीदनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. नाव घेतलं नाही.

"थांबा," बाई ओरडल्या. "मी सांगितलं होतं त्याला. कार्यक्रमासाठी. त्याची काही चूक नाय."

हात थांबले. सगळ्यांनी बाईंकडं बघितलं. क्षणभर वाटलं, आता खरं उभं राहील. तेवढ्यात शिवराज मधे आला आणि हात जोडले.

"बघा. याला म्हणतात बुद्धाची करुणा. मॅडम स्वतःवर घ्यायला लागल्यात. मॅडमचं मन मोठं हाय, म्हणून आपण पण सोडून देऊ. याचं बघायला ठेकेदार हाय."

"शिवराज, तूच म्हणाला होतास..."

"मॅडम, तुम्ही दमलात. घरी जा."

लोक पांगले. खरं बोललेलं कुणालाच नको होतं. ठेकेदारानं त्याच दिवशी मजीदला काढला. बाई ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन आल्या. तो म्हणाला, वस्तीची तक्रार आहे, एकट्या बाईचं ऐकून काय करू. मग त्यांनी पुण्याला साहेबाला फोन लावला. गर्दी पाणी तोडून आणली होती, असं स्पष्ट सांगितलं.

साहेब म्हणाला, "मॅडम, गर्दी आली हे महत्त्वाचं. कशी आली हे आमच्या अहवालात नसतं."

महिनाभरात मजीदनं चितेगावच्या एका कारखान्यात हेल्परचं काम धरलं आणि बिऱ्हाड तिकडंच नेलं. आमरीनचा दाखला न्यायला सगीराभाभी आल्या, मजीदची बायको. बाई म्हणाल्या, "भाभी, मी खूप प्रयत्न केला." सगीराभाभींनी दाखल्यावरचं नाव बरोबर आहे का ते बघितलं आणि गेल्या.

घुमट आला. छान आला. उद्घाटनाला शिवराजनं बाईंच्या हातात माईक दिला. अवकाशाला जनतेचा पाठिंबा या विषयावर दोन शब्द बोला म्हणाला. बाईंनी पहिल्या वाक्यापासून सगळं सांगायला घेतलं. व्हॉल्व्ह, आदलाबदल, मजीद. शिवराज माईककडं सरकला, पण त्याच्या आधी गोजरआजी उठली.

"बस कर बाई."

"आजी, खरं आहे हे."

"खरं असंल. पण तुझं खरं धरलं, तर आम्ही त्याला उगाच मारला व्हय? माझा पोरगा बी होता त्यात." आजीचा आवाज चढला नव्हता. "लाव ते मशीन. पोरं कवाची आडवी पडल्यात."

हॉलमध्ये एकही माणूस बाईंकडं बघत नव्हता. खाली सतरंजीवर पोरं खरंच आडवी पडली होती, हात डोक्याखाली घेऊन, एकमेकांना कोपर मारत. बाईंनी माईक खाली ठेवला, दिवे बंद केले आणि यंत्र सुरू केलं.