खालचा अर्धा चौकोन

परवा उर्वीचा पुण्याहून फोन आला. कॉलेजसाठी ती माझ्या मोठ्या जावेकडे राहते. म्हणाली, "आई, काकूकडे सगळी ताटं तुझ्या नावाची कशी गं? आणि आपल्याकडे काकूच्या नावाची?"

घ्या! अठरा वर्षांची घोडी झाली तेव्हा कुठे प्रश्न पडला. इतकी वर्षं त्या ताटांत जेवली, पण कडेला काय कोरलंय ते वाचायची तसदी म्हणून घेतली नाही. म्हटलं, फोनवर सांगायची गोष्ट नाही ती. सुट्टीत ये, मग सांगते. आणि फोन ठेवल्यावर मीच त्या गोष्टीत जाऊन बसले. भाजी करपली.

डिसेंबर संपत आला की असंच होतं माझं.

ही गोष्ट नव्याण्णव सालची. तेव्हा झाडगावातल्या घरात आम्ही सगळे एकत्र होतो. सासरे आप्पा, मोठे दीर रघूदादा आणि आनंदीवहिनी, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची उर्वी. आप्पा रिटायर्ड मास्तर. त्यांनी घरात एक नियम लावून दिला होता. माजघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री घरातल्या सुनांनी त्या दिवसाची एक बरी गोष्ट लिहायची. चौकोन एवढासा, त्याचे दोन भाग. वरचा अर्धा थोरलीचा, खालचा अर्धा धाकटीचा. 'कुळथाचं पिठलं जमलं.' 'उर्वीचा दात पडला, रडली नाही.' 'मागच्या कलमाला मोहोर.' असलंच काहीतरी. आणि एकतीस डिसेंबरला संध्याकाळी चहा झाला की कॅलेंडर खाली काढून मोठ्यांदा वाचायचं. त्यातही आप्पांची मेख होती. आपलं आपण नाही वाचायचं, एकीनं दुसरीचं वाचायचं. "दुसऱ्याचं सुख आपल्या तोंडानं म्हणायला शिका," म्हणायचे. मला तेव्हा हे सगळं मास्तरी खूळ वाटायचं. पण खरं सांगू? त्या संध्याकाळची मी ऑक्टोबरपासून वाट बघायची.

वहिनी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. बोलणं मोजकं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड भात करता येत नव्हता, तो त्यांनी शिकवला आणि कुणाला कळू दिलं नाही. मी मात्र फटाकडी. मनात आलं की ओठांवर, आणि ओठांवर आलं की समोरच्याच्या अंगावर. आमचे हे म्हणायचे, तुझ्या तोंडाला फाटक बसवायला हवं.

तर त्या वर्षी मे महिन्यात माझ्या माहेराहून, वेळणेश्वराहून, हापूसची मोठी पेटी आली. आंबे फार पिकलेले होते, म्हटलं साठं घालू. आंबापोळीच ती, पण आम्ही साठंच म्हणतो. वीस मेचा दिवस, गुरुवार. मला साडेनवाला जिल्हा परिषदेत पोचायचं. पहाटे उठून रस काढला, आटवला, माझ्या आईच्या पद्धतीनं चिमूटभर सुंठ घातली, फळीवरची हाताला लागली ती सहा ताटं घेतली, तूप लावून रस ओतला आणि अंगणात उन्हात ठेवून पळाले. मागाहून वहिनींनीही घरच्या रायवळ आंब्यांची साठं घातली, उरलेल्या सहा ताटांत.

ही ताटं आप्पांनीच आणलेली. भांडण नको म्हणून सहा-सहा, आणि कडेला नावं कोरलेली. सौ. आनंदी, सौ. नीरजा. भांडण नको म्हणून, बरं का!

दुपारी तीनला वळवाची सर आली, ती इतकी दाणदाण की ऑफिसचे कागद उडाले. माझा जीव सगळा अंगणात. संध्याकाळी धावतपळत घरी आले तर काय, अंगणात सहा ताटं पाण्यानं भरलेली, रसाचा नुसता पिवळा ओघळ पायरीपर्यंत गेलेला. ताटं उचलून बघते तर कडेला सौ. नीरजा. सहाच्या सहा. आणि आत चुलीजवळ ओळीनं मांडलेली, कोरडी ठणठणीत, सौ. आनंदी.

माझं डोकंच फिरलं. चपलासुद्धा न काढता आत गेले आणि म्हणाले, "वा वहिनी! स्वतःचं तेवढं बरोबर उचललंत. नावं बघून उचललीत, नाही का?"

वहिनी कणीक मळत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. म्हणाल्या, "बरं."

बास. तो त्यांचा माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द.

मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. मीही म्हटलं, गेलात उडत. चार दिवसांनी त्यांनी उर्वीच्या हातून एक डबा पाठवला, साठांचा. मी झाकणसुद्धा उघडलं नाही. उर्वीला सांगितलं, "परत दे जा, म्हणावं तुमचं तुम्हाला लखलाभ." पोरीनं शब्द न् शब्द जाऊन सांगितला असणार, त्यात ती हुशार.

मग सात महिने अबोला. एका स्वयंपाकघरात, एका ओट्यावर! बिचाऱ्या आप्पांचं टपालखातं झालं. "आप्पा, सांगा त्यांना, दूध उतू चाललंय." "आप्पा, सांगा तिला, मला डोळे आहेत." आप्पा माजघरातून ओरडायचे, "दूध गेलं गो बायांनो, आधी गॅस बंद करा!"

त्या वीस तारखेपासून मी कॅलेंडरकडे फिरकलेच नाही. मे संपेपर्यंत माझे खालचे अर्धे चौकोन कोरे. मेचं पान उलटलं तेव्हा आप्पांनी मला समोर बसवलं. "भांडा हवं तेवढं. पण चौकोन रिकामा ठेवायचा नाही." तेव्हापासून पुन्हा लिहायला लागले, पण कसं? डाव्या हातानं वरचा भाग झाकून. त्यांचं एक अक्षर डोळ्यांखालून जाऊ दिलं नाही मी. केवढी ती अक्कल!

गणपती गेले. दिवाळी गेली. पहिल्यांदाच चकल्या दोन वेगळ्या डब्यांत झाल्या, आणि दोन्ही मऊ पडल्या. खरं तर भांडणात मजा येते ती पहिले आठ दिवस. पुढे नुसतं ओझं. ऑफिसात काही गंमत घडली की घरी येईपर्यंत जिभेवर घोळायची, आणि दारात आलं की आठवायचं, अरे, सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "हं." पण आधी बोलायचं कुणी? मी? आणि मी का? भिजली माझी साठं!

नोव्हेंबरात रघूदादांच्या बँकेची ऑर्डर आली. पुण्याला बदली. एक जानेवारीला सकाळी टेंपो निघायचा. वाटलं, आता ही बाई अशीच जाणार, तोंडातून शब्द न काढता, आणि मी अशीच फाटकाशी उभी राहणार. महिनाभर रोज ठरवायची, आज बोलते. रोज ओट्यापर्यंत जायची आणि गिळून परत यायची. तोंडाला फाटक हवं तेव्हा नव्हतं, आता बसलं होतं नेमकं.

एकतीस डिसेंबर उजाडला. घरभर बांधलेल्या गोणी आणि खोके. मला वाटलं, यंदा कसलं वाचन नि काय. पण चहा झाला आणि आप्पा म्हणाले, "काढा कॅलेंडर."

बसलो. वहिनींनी माझं वाचायचं, मी त्यांचं. दोघींची मान खाली. वहिनी वाचत होत्या, पण आप्पांकडे बघून, जणू मी तिथे नाहीच. "जानेवारी चार. उर्वीनं पहिल्यांदा पोळी लाटली, श्रीलंकेचा नकाशा." आप्पा हसले. मी त्यांचं वाचलं, "फेब्रुवारी नऊ. नीरजाला बढती. शिरा केला." विसरलेच होते मी तो शिरा. भांडण व्हायच्या आधीचं सगळं असंच होतं. कुठे नीरजा, कुठे धाकटी. त्यांच्या अर्ध्या चौकोनात निम्मी जागा माझीच.

मग मे आला. वीस तारखेचा चौकोन आला. खाली माझा कोरा. वर बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं. मी वाचायला लागले, "मे वीस. पाऊस. धाकटीची..."

आणि थांबले.

"वाच गो," आप्पा म्हणाले.

"धाकटीची साठं वाचली. माझी गेली, जाऊ देत."

"खोटं!" माझ्या तोंडातून निघून गेलं. सात महिन्यांनी वहिनींकडे बघून मी काढलेला पहिला शब्द हा. "साफ खोटं! भिजलेल्या ताटांवर माझं नाव होतं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

वहिनी उठल्या, वर दोरी बांधलेला एक खोका सोडला, आतून डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तोच डबा. झाकण उघडलं. आतली साठं तशीच्या तशी, एकालाही हात लागलेला नाही. मी रागारागानं एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

सुंठ.

माझ्या आईची सुंठ. आमच्या घरात दुसरं कुणी म्हणून साठांत सुंठ घालत नाही. आणि हापूस, वेळणेश्वरचा. तो तुकडा तोंडात तसाच राहिला आणि मला ती पहाट दिसली. अंधारं स्वयंपाकघर, साडेनवाची घाई, फळीवरची हाताला लागली ती सहा ताटं. नाव बघितलं होतं मी? छे! मीच वहिनींच्या नावाची ताटं उचलली होती. त्यांना उरली माझ्या नावाची. आणि पाऊस आला तेव्हा ही बाई आपली रायवळाची साठं पावसात सोडून आधी माझी उचलायला धावली होती. ती आत नेईपर्यंत तिची वाहून गेली. आणि मी येऊन काय म्हणाले? नावं बघून उचललीत!

"मग सांगायला काय झालं होतं?" मी ओरडले. चूक माझी आणि ओरडतेय मीच, कसला हा स्वभाव!

"विचारलंस कुठे?" वहिनी म्हणाल्या. "तू निकाल लावून मोकळी झालीस. बरं, भिंतीवर लिहून ठेवलं होतं, अकरा दिवस तुझ्या डोळ्यांसमोर. म्हटलं वाचेल. नाही वाचलंस. मधे डबाही पाठवला, म्हटलं एक घास खाईल तर चवीनं कळेल. तू तोही परत पाठवलास. आणखी काय करायचं होतं गो मी, नीरजा?"

त्या 'गो'नं माझा बांध फुटला. मी त्यांच्या गळ्यातच पडले. आप्पा म्हणत होते, "जून राहिला, जून वाचा," आणि आमच्या दोघींच्या नाकाडोळ्यांतून पाणी. उर्वीनं तेवढ्यात तीन साठं संपवली.

त्या रात्री आम्ही सात महिन्यांचं बोललो. ऑफिसातल्या सगळ्या गमती, मऊ पडलेल्या चकल्या, सगळं. बोलता बोलता मी त्यांचा भांड्यांचा खोका सोडला, त्यांच्या नावाची ताटं बाहेर काढली आणि माझ्या नावाची आत भरली. त्या "अगं, अगं" म्हणत राहिल्या. मी म्हटलं, "राहू देत. मला रोज जेवताना आठवण राहायला हवी. माझी खोड आहे ती, सहजी जायची नाही."

सकाळी टेंपो गेला. मी फाटकाशी उभी राहून हात हलवला, अगदी वळणापर्यंत. मग आत आले. घर कसं ओकंबोकं. माजघरात नवं कॅलेंडर लागलं होतं, जुनं पाटावर पडलेलं. ते गुंडाळून ठेवायला उचललं आणि सहज शेवटचं पान बघितलं. एकतीस तारखेचा चौकोन. रात्री मी झोपल्यावर केव्हातरी त्यांनी लिहिलं असणार. बारीक, सरळ अक्षर.

'धाकटी बोलली.'

घर सुटत होतं, वीस वर्षांचा संसार खोक्यांत भरला होता, आणि त्या बाईला त्या दिवसातली बरी गोष्ट म्हणून हे लिहावंसं वाटलं. मी तिथेच पाटावर बसले आणि मोठ्यांदा रडले. आप्पा आतून "काय झालं गो?" विचारत आले तरी मला थांबता येईना.